अवघड निर्णय: आधी तो अवघड का आहे ते शोधा



एम.एस्सी. किंवा एम.ए.चा निकाल लागला की पुढचे काही महिने विचित्र असतात. एकीकडे नेट-सेटचा अभ्यास, दुसरीकडे पेटचा फॉर्म, तिसरीकडे एखाद्या कंपनीचं नाहीतर ज्युनिअर कॉलेजचं बोलावणं. घरचे म्हणतात, "नोकरी धर." सर म्हणतात, "संशोधन कर." मित्र म्हणतो, "एमपीएससीचा एक अटेम्प्ट देऊन बघ." आणि तुम्ही रोज रात्री एक निर्णय घेऊन झोपता आणि सकाळी तो बदलता.

आजचा लेख याच अवस्थेबद्दल आहे. माणसं निर्णय कसे घेतात यावर मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात गेली पन्नास-साठ वर्षं भरपूर काम झालंय. त्यातलं तुमच्या उपयोगाचं काय, आणि पुन्हा तपासल्यावर न टिकलेलं काय, हे बघू. प्रत्येक अभ्यास नेमका कसा केला हेही सांगते, कारण उद्या तुम्हालाही असेच अभ्यास रचायचे आहेत.

लेखाचं सार एका वाक्यात सांगायचं तर, "काय निवडू?" असं विचारण्याआधी "हे मला अवघड का जातंय?" असं विचारा. अवघडपणा साधारण तीन प्रकारचा असतो. एक, माहिती अपुरी असते. दोन, दोन्ही पर्याय जवळपास सारखे असतात किंवा त्यांची तुलनाच होत नाही. तीन, आतापर्यंत जे घातलंय ते सोडवत नाही. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. तापावरचं औषध मोडलेल्या हाताला चालत नाही, तसंच.

आधी एक गैरसमज दूर करू

"माझा निर्णय चुकला" असं आपण कधी म्हणतो? परिणाम वाईट आला की. पण चांगला निर्णय आणि चांगला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक प्रसंग वाचायला दिला. ५५ वर्षांचा एक माणूस आहे, त्याला हृदयविकार आहे, छातीत दुखतं म्हणून काम सोडावं लागलंय. बायपास केली तर दुखणं थांबेल आणि आयुष्यही वाढेल, पण या शस्त्रक्रियेत ८ टक्के रुग्ण दगावतात. डॉक्टर शस्त्रक्रिया करायचं ठरवतात. प्रसंगाच्या एका रूपात रुग्ण बरा होतो, दुसऱ्यात तो जातो. प्रश्न एकच होता: डॉक्टरांचा निर्णय कितपत योग्य होता?

आता बघा, निर्णय घेताना डॉक्टरांकडे असलेली माहिती दोन्हीकडे अगदी सारखी होती. तरीही रुग्ण दगावला असं वाचल्यावर त्याच निर्णयाला कमी गुण मिळाले. म्हणजे परिणाम बघून आपण मागे जातो आणि निर्णयाला न्याय देतो.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पीएच.डी. सोडून नोकरी धरलेला एखादा सीनियर आज मजेत आहे एवढ्यावरून त्याचा निर्णय शहाणा ठरत नाही, आणि पीएच.डी.त अडकलेल्या ताईचा निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही. त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर विचार नीट झाला होता का, एवढंच तपासता येतं. ते समजलं की डोक्यावरचं ओझंही थोडं कमी होतं. भविष्य ओळखणं तुमचं काम नाहीच.

दोन रकाने: अडीचशे वर्षं जुनी पद्धत

कुणालाही सल्ला विचारा, "कागद घे, फायदे-तोटे लिही" असंच सांगतात. या पद्धतीचं सगळ्यात प्रसिद्ध वर्णन बेंजामिन फ्रँकलिनच्या एका पत्रात आहे. १७७२ च्या सप्टेंबरमध्ये त्याने ते जोसेफ प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं. प्रीस्टली तेव्हा इंग्लंडमधल्या लीड्सला धर्मोपदेशक होता आणि लॉर्ड शेलबर्नकडे नोकरी धरावी की नाही या पेचात होता. फ्रँकलिनने त्याला काय निवडायचं ते सांगितलं नाही, कसं निवडायचं ते सांगितलं. कागदावर मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल मुद्दे लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. हे एका बैठकीत करायचं नाही. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहायचं. मग समान वजनाचे मुद्दे दोन्हीकडून खोडायचे आणि काय उरतं ते बघायचं.

प्रीस्टलीने पुढे ती नोकरी धरली, आणि १७७४ मध्ये शेलबर्नच्याच घरी काम करताना त्याने ऑक्सिजन वेगळा केला. पण थांबा. "बघा, पद्धत किती भारी!" असं म्हणालात तर वरचीच चूक झाली. ऑक्सिजन सापडला म्हणून निर्णय चांगला, असं म्हणता येत नाही.

या पद्धतीतला सगळ्यात मौल्यवान भाग म्हणजे ते तीन-चार दिवस. एका वेळी सगळी कारणं मनात हजर नसतात. घरच्यांशी भांडण झालं त्या रात्री एक यादी होते, सरांनी पाठ थोपटली त्या दिवशी दुसरी. दिवस जाऊ दिले की दोन्ही एकाच कागदावर येतात. उणीव अशी, की यादीत तुम्हाला माहीत असलेलंच येतं. जे माहीत नाही त्याचं काय? इथे पहिला अवघडपणा सुरू होतो.

पहिला अवघडपणा: माहितीच अपुरी आहे

समजा तुम्ही ठरवताय, पीएच.डी.ला जावं का. मनातला हिशोब असा असतो: सहा महिने कोर्सवर्क, दीड-दोन वर्षं काम, सहा महिने लिखाण. तीन वर्षांत मोकळे! यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान मुदत तीन वर्षं आणि एरवी कमाल सहा वर्षं आहे. आपण मात्र किमान मुदतीलाच अंदाज समजून बसतो.

रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका यावर आहे, आणि त्यात भाग घेणारे विद्यार्थी पदवीचा प्रबंध लिहिणारेच होते. अशा ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं जवळपास ३४ दिवस. मग विचारलं, सगळं शक्य तितकं बिघडलं तर? उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून जास्त. म्हणजे सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. आपण सांगितलेल्या वेळेत प्रबंध पूर्ण करणारे एक तृतीयांशापेक्षा कमी होते.

सँपल लहान आहे आणि एकाच विषयाच्या विद्यार्थ्यांचं आहे, ही मर्यादा ध्यानात ठेवा. पण असा कल पुढे वेगवेगळ्या कामांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. याला आपण नियोजनभ्रम म्हणू.

हे होतं का? कारण आपण आपल्या कामाकडे आतून बघतो. पायऱ्या मोजतो आणि प्रत्येक पायरीला वेळ देतो. पण मशीन बंद पडणं, गाइडची बदली, घरातलं आजारपण, रिव्ह्यूला गेलेला पेपर आठ महिने परत न येणं, या गोष्टी यादीत नसतात. यातली नेमकी कुठली होईल हे सांगता येत नाही. काहीतरी होईल हे मात्र जवळपास नक्की असतं.

डॅनियल कानेमन यांनी स्वतःचाच एक किस्सा लिहून ठेवलाय. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये ते एका गटासोबत शाळेसाठी पाठ्यपुस्तक तयार करत होते. साधारण वर्षभराच्या कामानंतर सगळ्यांनी अंदाज लिहून दिला: अजून दीड ते अडीच वर्षं लागतील. मग त्यांनी गटातल्या एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला विचारलं, "अशाच दुसऱ्या गटांना किती लागली?" तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, सुमारे ४० टक्के गटांचं काम पूर्णच झालं नाही, ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत म्हणजे याच माणसाचा आधी लिहिलेला अंदाजही इतरांसारखाच होता. माहिती डोक्यात होती, पण स्वतःच्या कामाला ती लावायचं सुचलं नव्हतं. शेवटी पुस्तकाला आठ वर्षं लागली.

उपाय सोपा आहे. "मला किती वेळ लागेल?" याऐवजी "माझ्यासारख्यांना किती लागला?" असं विचारा. या बाहेरच्या नजरेसाठी तुम्हाला लगेच करता येण्यासारखं काम सांगते. तुम्हाला हव्या असलेल्या विभागात जा आणि विचारा: या गाइडकडे गेल्या दहा वर्षांत किती जणांनी नोंदणी केली? किती जणांना पदवी मिळाली? किती वर्षांनी? ते आज कुठे आहेत? शोधगंगावर गाइडच्या नावाने प्रबंध शोधता येतात. काही नोंदींत नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीखही असते. वहीत उतरवा आणि सरासरी काढा.

पण इथे संशोधक म्हणून एक सापळा ओळखा. शोधगंगावर कोण दिसतं? ज्यांचा प्रबंध पूर्ण झाला तेच. मध्येच सोडून गेलेले तिथे नाहीत. त्यामुळे फक्त तिथली सरासरी काढली, तर चित्र आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. सोडून गेलेल्या एक-दोघांशी फोनवर बोला. अर्ध्या तासात जे कळेल ते माहितीपत्रकात कधीच छापलेलं नसतं. फक्त एक करा: एकाचाच अनुभव सर्वांचा समजू नका, आणि "सर कसे आहेत?" असं मोघम विचारू नका. "पहिला मसुदा दिल्यावर सरांनी किती दिवसांनी परत दिला?" असं विचारा.

दुसरा अवघडपणा: दोन्ही सारखेच वाटतात

आता समजा सगळी माहिती गोळा झाली. दोन गाइड आहेत, दोन विद्यापीठं आहेत, आणि तरीही तराजू हलत नाही. इथे आणखी माहिती गोळा करून उपयोग नाही. आपण मात्र नेमकं तेच करतो, कारण माहिती शोधत राहिलं की निर्णय टाळता येतो.

नीट विचार केला तर दोन पर्याय खरोखरच सारखे असतील, तर चुकीचा निवडल्याने होणारं नुकसानही थोडंच असणार. खरं नुकसान होतं ते ठरवण्यात गेलेल्या तीन महिन्यांचं आणि निघून गेलेल्या शेवटच्या तारखेचं.

हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली कल्पना इथे कामाला येते. त्यांचं म्हणणं असं, की सर्व पर्याय तपासून सर्वोत्तम निवडण्याइतका वेळ आणि बुद्धी माणसाकडे नसते. म्हणून माणूस आधी "इतकं असलं की पुरे" अशी रेघ ठरवतो आणि ती ओलांडणारा पहिला पर्याय घेतो. याला आळस म्हणू नका. मर्यादित साधनांत शहाणपणाने वागणं असंच असतं. सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

"सर्वोत्तमच हवं" म्हणणाऱ्यांचं काय होतं? शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये पदवीनंतर नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तमाच्या मागे लागणाऱ्यांना सरासरी २० टक्के जास्त पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या. तरीही ते मिळालेल्या नोकरीबद्दल इतरांपेक्षा कमी समाधानी होते. इथे घाई करू नका. या अभ्यासात कुणाला काही करायला लावलेलं नव्हतं. स्वभाव मोजला आणि पुढे काय झालं ते बघितलं. त्यामुळे शोधण्यामुळे असमाधान आलं, की मुळातच असमाधानी माणसं जास्त शोधतात, हे यातून ठामपणे सांगता येत नाही. पण एवढं कळतं, की जास्त मिळणं आणि जास्त समाधान मिळणं बरोबरच येईल असं नाही.

आता एक बारकावा. "सारखे वाटतात" यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. ओळखायला छोटी चाचणी आहे. समजा नोकरी आणि पीएच.डी. तुम्हाला अगदी सारखी वाटतेय. आता कंपनीने पगार महिन्याला हजार रुपयांनी वाढवला. खरंच समान असतील, तर पारडं लगेच नोकरीकडे झुकायला हवं. झुकलं का? बहुतेक वेळा नाही. म्हणजे ते पर्याय समान नसून वेगळ्या जातीचे आहेत. रूथ चँग या तत्त्वज्ञ अशा पर्यायांबद्दल म्हणतात, की इथे कुठला पर्याय वरचढ याचं तयार उत्तर बाहेर नसतंच. आपण कोणत्या गोष्टीच्या बाजूने उभं राहायचं ते ठरवतो आणि तसे घडतो. मला हे पटतं. अशा ठिकाणी "जास्त फायद्याचं काय?" हा प्रश्नच अपुरा पडतो. "पुढची पाच वर्षं मला कुठल्या प्रकारचा त्रास चालेल?" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. टार्गेटचा, की अनिश्चिततेचा? त्रास दोन्हीकडे आहेच.

आणि हो, प्रत्येकाच्या घरी निवडीला सारखी जागा नसते. घरी दर महिन्याला पैसे पाठवायचे असतील, तर तो मुद्दा फायद्या-तोट्यांच्या यादीत इतरांसोबत टाकू नका. ती अट आहे, मुद्दा नव्हे. अटी वेगळ्या कागदावर आधी लिहा. उदाहरणार्थ, फेलोशिप हातात असेल तरच पीएच.डी. २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे, पण ती नियमित दर महिन्याला हातात पडते का, हे विभागातल्या मुलांनाच विचारा. अट न पाळणारा पर्याय कितीही आकर्षक असला तरी बाजूला ठेवा. यात कमीपणा काही नाही. सायमन यांची रेघ म्हणजे तरी दुसरं काय?

सोबत हेही बघा, की दार पुन्हा उघडतं का. नोकरीचा अनुभव घेऊन दोन वर्षांनी पीएच.डी.ला येता येतं. पण जेआरएफला वयोमर्यादा आहे, खुल्या गटासाठी ३० वर्षं. जे दार पुन्हा उघडेल तिथे लवकर ठरवा. जे बंद होईल तिथे वेळ घ्या. आपण बरेचदा उलटं करतो: मोबाइल घ्यायला महिनाभर रिव्ह्यू बघतो, आणि पाच वर्षांचा गाइड एका भेटीत ठरवतो.

तिसरा अवघडपणा: घातलेलं सोडवत नाही

हा सगळ्यात दुखरा प्रकार. एमपीएससीचे तीन अटेम्प्ट झाले, आता चौथा द्यायचा का? पीएच.डी.ची दोन वर्षं गेली, विषयात जीव नाही, आता काय?

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा १९८५ चा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात नाटकांच्या संपूर्ण सीझनची तिकिटं विकली जात होती. खिडकीवर आलेल्या ६० जणांपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता, सवलतीत तिकीट दिलं. बाकीच्यांनी पूर्ण १५ डॉलर भरले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. पैसे तर दोघांचेही गेलेलेच होते. आज संध्याकाळी नाटकाला जावं की नाही, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. तरी ज्याचे जास्त गेले तो "पैसे वाया नको" म्हणून उठून गेला. सीझनच्या उत्तरार्धात मात्र हा फरक उरला नाही. बुडीत खर्चाचा पगडा काळाबरोबर ओसरतो, हेही त्यातून दिसतं.

तुमच्यासाठी प्रश्न असा: "आजपर्यंत काहीच केलं नसतं आणि आज कुणी हा पर्याय समोर ठेवला असता, तर घेतला असता का?" पण हा प्रश्न नीट वापरा. गेलेली दोन वर्षं मोजायची नाहीत, हे खरं. त्या दोन वर्षांत जमा झालेला डेटा आणि कमी झालेलं अंतर मात्र मोजायचं. प्रबंधाचं एकच प्रकरण उरलं असेल, तर पदवी आता सहा महिन्यांवर आहे. ही पुढची गोष्ट आहे, मागची नाही. "बुडीत खर्च विसरा" ऐकून शेवटच्या टप्प्यावर सोडून देणं म्हणजे तेच सूत्र उलटं वाचणं.

सोडलं तर बरं होतं, की धरून ठेवलं तर? याचं उत्तर काढणं फार अवघड आहे, कारण सोडणारी आणि धरून बसणारी माणसं मुळात वेगळी असतात. त्यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी यावर भन्नाट युक्ती काढली. त्यांनी २०१३ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केलं. नोकरी सोडू का, नातं तोडू का, अशा पेचात असलेल्यांनी तिथे यायचं आणि संगणकावर नाणं उडवायचं. छापा पडला तर बदल करायचा, काटा पडला तर आहे ते चालू ठेवायचं. वीस हजारांहून जास्त नाणी उडवली गेली. दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्या लोकांना पुन्हा विचारलं.

पुष्कळांनी नाण्याचं ऐकलं नाही. पण छापा पडलेल्यांमध्ये बदल करणारे जास्त होते. आणि कुणाला छापा पडेल हे त्यांच्या स्वभावावर नव्हे, तर योगायोगावर ठरलं होतं. इथेच अभ्यासाची सगळी ताकद आहे. मोठ्या निर्णयांमध्ये बदल करणारे लोक सहा महिन्यांनी जास्त आनंदी आढळले. लेव्हिट यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आयुष्यातल्या मोठ्या वळणावर माणसं बदलाबाबत गरजेपेक्षा जास्त सावध असतात.

मर्यादा? नाणं उडवायला येणारा माणूस आधीच काठावर उभा असतो. जो सुखाने नांदतोय त्याला हा निष्कर्ष लागू नाही. पुन्हा विचारल्यावर सगळ्यांनी उत्तर दिलं नाही, आणि आनंद त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. म्हणून "नाणं उडवा" हा सल्ला नाही. पण महिनोन् महिने तुमचं मन पन्नास-पन्नास टक्क्यांवर अडकलं असेल, तर आहे तिथेच राहण्याकडे आपला नकळत कल असतो, एवढं ध्यानात घ्या.

ऐकलेलं सगळं खरं नसतं

निर्णयांबद्दलच्या व्हिडिओंमध्ये दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली, पर्याय जास्त असले की माणूस गोंधळतो. याचा आधार म्हणजे २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी खरेदी केली. ६ प्रकार मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण २०१० मध्ये बेंजामिन शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. काही परिस्थितींत गोंधळ होतो, काहींत नाही.

दुसरी, इच्छाशक्ती बॅटरीसारखी संपते, म्हणून संध्याकाळी निर्णय घेऊ नका. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर हा परिणाम तपासला आणि तो जवळपास आढळलाच नाही. झोप झालेली नसताना निर्णय घ्या, असं मी म्हणत नाही. पण एका प्रयोगावर आयुष्याचा नियम बांधू नका. संशोधनाला येणाऱ्याने ही सवय आधीच लावून घेतलेली बरी.

मग करायचं काय?

तुमच्यापुढे आज जो पेच आहे, तो घ्या आणि या क्रमाने जा.

१. अवघड का आहे ते एका ओळीत लिहा. "मला माहीत नाही", "दोन्ही सारखे आहेत" की "सोडवत नाही"?

२. अटी वेगळ्या लिहा. पैसा, गाव, तब्येत, घरची जबाबदारी. अटी न पाळणारे पर्याय बाद.

३. माहिती कमी असेल तर बाहेरची नजर वापरा. किमान पाच जणांना विचारा, आणि त्यात मध्येच सोडून गेलेला एक तरी असू द्या. तारीख ठरवा, त्यानंतर शोध बंद.

४. तोच पेच मित्राचा आहे असं समजून त्याला सल्ला लिहा. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांना २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं, की माणसं स्वतःच्या पेचापेक्षा दुसऱ्याच्या पेचाबद्दल जास्त समतोल विचार करतात. आणि स्वतःकडे जरा लांबून बघायला सांगितलं की हा फरक मिटतो.

५. ठरवल्यावर, पण पाऊल टाकण्याआधी, निर्णय फसलाय असं समजा. गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली ही पद्धत आहे. "दोन वर्षं झाली आणि सगळं फसलं. का फसलं?" याची कारणं लिहा. "काही फसेल का?" असं विचारलं तर मन "नाही" म्हणतं, "फसलंच आहे, कारण सांग" म्हटलं की कारणं भराभर बाहेर येतात. त्यातल्या दोन-तीन कारणांवर आत्ताच काहीतरी करता येतं. उदाहरणार्थ, "गाइड दोन वर्षांत निवृत्त झाले" असं कारण आलं, तर निवृत्तीची तारीख आजच विचारता येते.

६. निर्णय, तारीख, कारणं आणि तुमची अपेक्षा वहीत लिहून ठेवा. पुढे निकाल काहीही लागो, स्मरणशक्ती मागची गोष्ट बदलून सांगते. वही सांगत नाही. वर्षभराने पान उघडाल तेव्हा परिणामाला नव्हे, विचाराला गुण द्या.

यातलं काहीही केलं तरी पोटातला गोळा पूर्ण जाणार नाही. अवघड निर्णयात काहीतरी मागे ठेवावंच लागतं, आणि त्याची हळहळ वाटणं म्हणजे निर्णय चुकल्याचा पुरावा नाही. संशोधनातही हेच चालतं: अपुऱ्या डेटावर एक पद्धत निवडायची, ती का निवडली ते लिहून ठेवायचं, आणि नवा पुरावा आला की मोकळ्या मनाने बदलायची. हातात आज जो पेच आहे, त्यावर या सवयीची पहिली तालीम करा. वही घ्या आणि पहिली ओळ लिहा: "हे मला अवघड जातंय, कारण..."